टिबेट्ससाहेब आणि बनूआत्या

"चष्मा काढ," आई म्हणाली.

"अजून आले कुठे पाहुणे?"

"गाडीची शिट्टी झाली. काढ म्हणते ना."

मी चष्मा काढला आणि आमचं स्वयंपाकघर नेहमीसारखं विरघळून गेलं. आईच्या जागी एक जांभळा ठोकळा उरला. चुलीपाशी एक पांढुरका ठोकळा होता, ती बनूआत्या. जांभळ्या ठोकळ्याने माझा चष्मा कमरेला खोचला आणि माझ्या नाकावर पावडर थापली, कारण चष्म्याने नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल खुणा पडतात आणि त्या चहाडी करतात.

आता गंमत अशी की माझे वडील बार्शीतले नावाजलेले चष्मेवाले. भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर 'खासनीस चष्मेवाले' हे दुकान त्यांचं. दुकानात त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : 'चष्म्याची लाज धराल तर ठेच खाल.' तालुक्यातल्या म्हाताऱ्यांपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांशी ते ह्या पाटीवरून हुज्जत घालत. माझा नंबर फार मोठा होता आणि दुसरे बाप मुलीचे मार्क सांगतात तशा कौतुकाने ते तो गिऱ्हाइकांना सांगत. पण घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला की आई म्हणे, "चष्मिष्ट मुलगी कोण करतो?" आणि बाबा तोंडात मूग धरून बसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या माजघरात मुक्कामाला होता.

त्यामुळे व्हायचं असं, की मला पुष्कळ मुलांनी पाहिलं आणि मी एकालाही पाहिलं नाही. एकदा मी उपिटाची बशी एका मामांच्या काळ्या टोपीवर ठेवली. टोपी टीपॉयवर होती, मामा नव्हते, एवढंच नशीब. एकदा खुंटीवरच्या कोटाला वाकून नमस्कार केला. एका स्थळाने कळवलं, मुलगी फार रोखून बघते. दुसऱ्याने कळवलं, मुलगी वर बघतच नाही. दोघांचंही खरं होतं.

मला लग्नाचा तिटकारा नव्हता. ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याला हो म्हणण्याआधी एकदा, एकदाच, नीट बघावं एवढीच माझी इच्छा होती. पण ह्या खेपेला बाबांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, "त्यांचा होकार आला की आपला होकार. तुझं मत नंतर विचारू."

"नंतर म्हणजे कधी?"

"लग्न झाल्यावर," बाबा म्हणाले, आणि स्वतःच कानकोंडे होऊन दुकानात निघून गेले.

बनूआत्याबद्दल सांगायलाच हवं. ती बाबांची थोरली बहीण. लहानपणी लग्न होऊन लहानपणीच विधवा होऊन परत आली, ती पन्नाशी उलटेपर्यंत आमच्या स्वयंपाकघरातच. बघण्याच्या कार्यक्रमाला तिने बाहेर यायचं नाही हा आईचा दंडक. शुभकार्यात विधवा बाई समोर नको. आत्या वाद घालत नसे. पण तिच्या चौकसपणाला तळ नव्हता. ती चुलीपाशी पाटावर बसे आणि पाहुणे बोलायला लागले की पाट हळूहळू दाराकडे सरकवी. चहा होईपर्यंत ती पाटासकट माजघराच्या उंबऱ्यावर आलेली असे. आईने डोळे वटारले की ती लसूण सोलल्यासारखं करी. हातात लसूण असो वा नसो.

पाहुणे आले. कुर्डुवाडीकडून येणाऱ्या आमच्या छोट्या गाडीने आले होते, त्यामुळे ओसरीतच कोळशाचा वास आला. मुलगा अच्युत मोडक, सोलापूरकडच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारा. बरोबर त्याची आई. एक उंच तपकिरी पट्टा आणि एक हिरवा गोळा, असे मला ते दोघे दिसले. तपकिरी पट्टा उंबऱ्याला ठेचकाळला.

"धांदरट दिसतोय," आई माझ्या कानात म्हणाली.

माझी खुर्ची माजघराच्या दाराशी, मुलाच्या बरोबर समोर ठेवली होती. मी उपीट दिलं, चहा दिला, काही सांडलं नाही, आणि त्या आनंदात चुकीच्या दिशेला वळून खिडकीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. म्हणजे मुलाच्या आईच्या शेजारी. आई तिकडून बांगड्या वाजवून खुणावत होती म्हणे. मला वाटलं, ती खूश आहे.

मोडककाकूंनी माझं नाव विचारलं, शिवण येतं का विचारलं. मी जमिनीकडे बघून पुटपुटले. मुलगा त्या वेळी चमच्याने बशीत उपीट शोधत होता. चमचा बशीवर वाजत होता, उपीट लागत नव्हतं.

मग बाबांनी घसा खाकरला. "आपला विषय काय म्हणालात?"

"अरे, थोडक्यात सांग हं," मोडककाकू घाईने म्हणाल्या. त्यांच्या आवाजातच कळत होतं की हे आधीही कुठेकुठे घडलं होतं आणि चांगलं घडलं नव्हतं.

"अब्नर टिबेट्स," तपकिरी पट्टा म्हणाला. "अमेरिकन तत्त्वज्ञ. वास्तववादी. त्यांच्यावर प्रबंध चाललाय माझा."

"वास्तववादी म्हणजे?"

झालं. बांध फुटला.

"हे पाहा, टिबेट्ससाहेबांचे वडील दीपगृहाचे राखणदार. तिकडे अमेरिकेच्या किनाऱ्यावर. रात्री तो दिवा फिरायचा. इकडे आला की समुद्रातला खडक दिसायचा, तिकडे गेला की खडक गायब. सात-आठ वर्षांच्या अब्नरने वडिलांना विचारलं, दिवा फिरल्यावर खडक कुठे जातो?"

"मग?"

"वडिलांनी थोबाडीत मारली. म्हणाले, जहाजाला विचार! तो त्यांचा तत्त्वज्ञानातला पहिला धडा. खडक आहे. तुम्ही बघा, नका बघू, तो आहे. पाहिल्याने वस्तूत तसूभर फरक पडत नाही. ह्या एका वाक्यासाठी साहेब जन्मभर भांडले."

"पाहिल्याने फरक पडत नाही?" बाबा सावध झाले. धंद्याचा प्रश्न होता. "मग मी दुकान बंद करू की काय?"

"छे! चष्मा वस्तू बदलत नाही. आपल्या आणि वस्तूच्या मधली वाट तेवढी झाडून देतो."

"वा!" बाबांनी मांडीवर थाप मारली. "पाटीवर लिहिण्यासारखं आहे!"

"पाहून फरक पडत नसेल तर आपण एवढ्या लांब आलो कशाला?" मोडककाकू माझ्या कानापाशी स्वतःशीच म्हणाल्या. मला हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. आवाज मात्र मला आवडायला लागला होता त्या माणसाचा. बोलताना तो पायऱ्या चढत असल्यासारखा वर वर जायचा, आणि मधेच आपण कुठे बसलोय ते आठवून थांबायचा.

"त्यांच्या पत्नीने म्हणे त्यांची फार परीक्षा पाहिली," तो पुढे म्हणाला. "साहेबांची हॅट लपवायची आणि विचारायचं, हॅट आहे का हो? साहेब म्हणायचे, आहेच. मग घालून जा, बाई म्हणायची. मग साहेब बोडक्याने कॉलेजात. एकदा धुक्यात कुरण समजून तळ्यात चालत गेले. गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून विद्यार्थ्यांना म्हणाले, बघा, मला कुरण वाटलं तरी तळं ते तळंच!"

आमच्या घरात बघण्याच्या कार्यक्रमाला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी बाबा हसले. आणि माजघराच्या दाराकडून आणखी कुणीतरी हसलं.

"अहो, एक विचारू का?" दाराकडून आवाज आला. आत्याचा आवाज फार गोड होता, कोवळाच राहिला होता. ताट, वाटी आणि देव सोडून तो वापरलाच कुठे होता म्हणा.

"विचारा ना!"

"दूध उघडं राहिलं नि मांजरीनं पिऊन टाकलं, तर ते आपण न बघताच प्यायलं ना?"

"प्यायलंच!"

"बरं. मग भांडं रिकामं असतं, आणि आपल्याला लांबून त्यात दूध दिसतं. ते दूध कुठनं येतं?"

खुर्ची करकरली. तपकिरी पट्टा अर्धा उठला असावा.

"हाच! हाच प्रश्न! वस्तू जशी आहे तशीच आपल्याला भेटते म्हणता, तर मग चुकीचं दिसतं कसं? इथंच टिबेट्ससाहेबांचं घोडं अडलं. त्यांचे बरोबरीचे वास्तववादी एकेक करून सोडून गेले ह्याच प्रश्नापायी."

"आणि ते?" आत्याने विचारलं.

"ते राहिले. मरेपर्यंत."

"एकटेच?"

"एकटेच."

"बरं केलं," आत्या म्हणाली. "प्रश्न सुटत नाही म्हणून कुणी घर सोडतं होय?"

आईच्या बांगड्या एव्हाना ताशासारख्या वाजत होत्या. आणि तो माणूस उभा राहिला, आणि असं काही बोलला की मी अजून विसरले नाही.

"आई, मला मुलगी पसंत आहे. आजवर मला लोकांनी पगार विचारला, नोकरी कायमची का विचारलं. टिबेट्ससाहेबांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारलं नव्हतं. एकटेच का, असं तर कुणीच नाही."

मी लाजले. आता लिहिताना सुद्धा हसू येतं, पण मी मनापासून लाजले. मान खाली घातली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सगळं यथासांग केलं. प्रश्न मी विचारला नव्हता हे माझ्या ध्यानातच आलं नाही. 'पसंत' एवढा शब्द कानात शिरला आणि बाकीचं डोकं बंद झालं.

"अच्युत," मोडककाकू सावकाश म्हणाल्या, "बघतोयस कुठे तू?"

"समोर."

"समोर कोण आहे?"

"मालती."

"अरे मेल्या, मालती इथं माझ्या शेजारी बसलीय! ती मुलीची आत्या आहे!"

पुढे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. आईने किंकाळी मारली. उंबऱ्यावरून पाट कलंडल्याचा आवाज आला. बाबा ताडकन उठले. "ही कसली थट्टा? माझ्या ताईची थट्टा करता? माझ्या घरात येऊन?" ते बहुधा त्याला हाताला धरून बाहेर काढणार होते. बाबा चिडत नसत, पण चिडले की त्यांना आवरणं कठीण असे.

बघायला आलेल्या माणसांसमोर मुलीने आपण होऊन बोलायचं नसतं. मी बोलले.

"बाबा, त्यांना दिसत नाहीये."

"काय?"

"दिसत नाहीये त्यांना. उंबऱ्याला ठेचकाळले. उपीट बशीत चाचपत होते. मी नाही ओळखायचं तर कुणी?"

बाबा थबकले. मग त्यांच्यातला बाप मागे सरला आणि चष्मेवाला पुढे झाला. त्यांनी त्या माणसाची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे फिरवलं. बोटाने नाक पुसलं. बोटाला पावडर आली म्हणे.

"खुणा!" बाबा ओरडले. "दोन्ही बाजूंना! कुणी काढायला लावला चष्मा?"

"मी," मोडककाकू म्हणाल्या. "प्रोफेसर, त्यात जाड भिंगाचा, कोण मुलगी देणार? आणि तुम्ही नका हो शहाणपणा शिकवू. तुमच्या मुलीच्या नाकावरही आहेत की! मघापासून बघतेय मी."

बाबांना राहवेना, त्यांनी विचारलंच, "नंबर काय तुमचा?"

"उणे आठ."

"अरे वा," बाबा म्हणाले, आणि लगेच रागावलेला चेहरा करायला गेले, पण तो काही नीट जमला नसावा.

मोडककाकूंनी पिशवीतून चष्मा काढून मुलाच्या हातावर आपटला. त्याने तो घातला, आणि दाराकडे बघितलं.

मला काही दिसत नव्हतं, पण दिसायची गरज नव्हती. ज्या बाईला त्याने भर बैठकीत पसंत केलं होतं, ती पिकल्या केसांची, मोकळ्या कपाळाची, कडेला पडलेल्या पाटाशी उभी असणार. पांढुरका ठोकळा दाराच्या चौकटीत एवढाएवढासा झाला होता.

"वन्सं, आत व्हा," आई रडवेल्या आवाजात म्हणाली. "कितीदा सांगितलं, शुभकार्यात दारात बसू नका. केलंत ना वाटोळं?"

"चल रे अच्युत," मोडककाकूही उठल्या. "पसंती पडली ती विधवेच्या पदरात. शकुन काही बरा नाही हा."

आत्या पदर ओढून आत वळली. त्या क्षणी मला माझ्या लग्नाचं काही वाटत नव्हतं. पन्नास वर्षांत ह्या बाईने चार प्रश्न विचारले, आणि त्यांवरून तिला आता जन्मभर बोलणी खावी लागणार, एवढंच कळत होतं.

"थांबा," तो म्हणाला. "आत्याबाई, थांबा जरा."

आत्या थांबली.

"माझी चूक झाली. मी तुम्हाला दुसरंच कुणी समजलो, त्याची क्षमा मागतो. पण बोललो ते तुमच्याकडे बघून, तुमचंच बोलणं ऐकून बोललो. नाव चुकलं माझं, नातं चुकलं. पण मला जे आवडलं ते तिथं होतंच. ते काही मला भासलं नाही. म्हणून पसंत आहे हा शब्द मी मागे घेणार नाही."

"अरे, मग काय आत्याशी लग्न करतोस?" मोडककाकू किंचाळल्या.

"नाही. पण शब्द मागे घेणार नाही." आणि तो गेला दारापर्यंत, आणि वाकून आत्याच्या पायाशी नमस्कार केला.

मी उठले. चाचपडत आईपर्यंत गेले आणि तिच्या कमरेला खोचलेला माझा चष्मा ओढून काढला. आई "अगं, अगं" म्हणतेय तोवर तो डोळ्यांवर होता.

पहिल्यांदा मी बघायला आलेला माणूस पाहिला. कान मोठे. कॉलरवर गाडीची काजळी. मिशीत उपिटाचा एक रवाळ कण, मला वाटतं कोथिंबीरही. भिंगं इतकी जाड की आतले डोळे लांब कुठेतरी दुसऱ्या गावाला राहत असल्यासारखे दिसत होते. देखणा म्हणावा असा एकही अवयव नव्हता. मी निवांत, वरपासून खालपर्यंत बघितलं. इतकी वर्षं साठलेलं बघणं होतं ते.

"मला पसंत आहे," मी म्हणाले.

"तुला कुणी विचारलं?" आई म्हणाली.

"कुणीच नाही. म्हणून सांगतेय."

तो वळला. त्याने मला तेव्हा कुठे पाहिलं. गडबडून म्हणाला, "पण मी... म्हणजे मी अजून तुम्हाला पाहिलंच नव्हतं."

"मग बघा की. फरक तर पडत नाही ना?"

बाबा आधी हसले. मग तो हसला. मोडककाकू खुर्चीत पुन्हा बसल्या आणि म्हणाल्या, "चहा गार झालाय. दुसरा टाका." माझ्या मते लग्न त्या वाक्यावर ठरलं.

चहा टाकायला मी आत गेले. बनूआत्या चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. जवळ जाऊन बघते तर ती तोंडात पदर कोंबून हसत होती. डोळ्यांत पाणीही होतं. चष्मा होता म्हणून मला दोन्ही दिसलं.

"मालू," ती म्हणाली, "मला कुणी बघायला आलंच नव्हतं गं. नऊ वर्षांची होते. अंगणात खेळत होते, तिथून उचललं नि बोहल्यावर उभी केली. त्यांनीही मला पाहिलं नव्हतं, मीही त्यांना नाही. मग ते गेलेच." तिने नाक पुसलं. "हा खरंच पसंत म्हणाला ना? मला नीट ऐकू आलं ना?"

"सगळ्यांदेखत म्हणाला आत्या. दोनदा म्हणाला."

आत्याने आधण ठेवलं. साखर घातली. मग जणू आलेल्या स्थळाचा नीट, चहूबाजूंनी विचार करून झाला अशा आवाजात म्हणाली, "मुलगा चांगला आहे. पण मला आता नको गं. तूच कर."